विश्लेषण : थंडीत कोलेस्टेरॉल का वाढते? चंद्रपूर-गडचिरोलीत ऋतू बदलला की हृदयावर काय परिणाम होतो?

मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा, ऑगस्टमध्ये पुलावरून वाहणारे पुराचे पाणी आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा अंशांच्या आसपास घसरणारे तापमान. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलव्याप्त जिल्ह्यांत राहणाऱ्यांचे शरीर एकाच वर्षात ही तिन्ही टोके सोसते. हवामान बदलले की आपण कपडे बदलतो, पाणी कमी-जास्त पितो. पण याच काळात रक्तातले कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि रक्ताचा घट्टपणाही बदलत असतो. त्यामुळे एकाच माणसाचा मे महिन्यातला आणि जानेवारीतला रक्ततपासणीचा अहवाल वेगळा येऊ शकतो. ‘उन्हाळ्यात नॉर्मल आले’ म्हणून गोळी बंद करणाऱ्यांसाठी हा फरक महागात पडू शकतो. हे नेमके कसे घडते आणि काय काळजी घ्यावी, याविषयी…

कोलेस्टेरॉल म्हणजे नेमके काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा चरबीयुक्त पदार्थ आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, पित्तरस आणि ‘ड’ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी शरीराला तो लागतोच. त्यातला बराचसा वाटा आपले यकृत स्वतः तयार करते, अन्नातून येणारा वाटा त्या मानाने कमी असतो. म्हणूनच बारीक अंगकाठीच्या किंवा शाकाहारी माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते.

रक्तातून कोलेस्टेरॉल प्रथिनांच्या कणांवर बसून फिरते. एलडीएल हे कण ते रक्तवाहिन्यांकडे नेतात आणि जास्त झाले की तिथे साठवतात, म्हणून त्याला ‘वाईट’ म्हटले जाते. एचडीएल हे कण जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणतात, म्हणून ते ‘चांगले’. अहवालात तिसरा महत्त्वाचा आकडा असतो ट्रायग्लिसराइडचा. भात, साखर, मैदा आणि दारूचे प्रमाण जास्त असेल तर हा आकडा चढतो.

अनेकांची समजूत अशी असते, की नळात क्षार साचावेत तसे कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चिकटत जाते आणि एक दिवस वाट बंद होते. प्रत्यक्षात ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साठते. तिथे सूज येते आणि गळवासारखा फुगवटा तयार होतो. हा फुगवटा फुटला की शरीर ती जखम समजून तिथे रक्ताची गुठळी बनवते. गुठळीने वाट अडली की हृदयविकाराचा झटका येतो. हेच मेंदूच्या रक्तवाहिनीत घडले तर पक्षाघात, म्हणजे लकवा होतो. फुगवटा वर्षानुवर्षे तयार होतो, तो फुटायला आणि गुठळी व्हायला मात्र काही मिनिटे पुरतात. ऋतूचा संबंध या दोन्ही टप्प्यांशी येतो.

हिवाळ्यात कोलेस्टेरॉल किती वाढते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर परिसरात ५१७ निरोगी व्यक्तींवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच त्या व्यक्तींचे कोलेस्टेरॉल वर्षभरात अनेकदा मोजण्यात आले. पुरुषांमध्ये ते डिसेंबरच्या सुमारास, तर महिलांमध्ये जानेवारीच्या सुमारास सर्वाधिक होते. सरासरी चढ-उतार पुरुषांमध्ये ३.९ आणि महिलांमध्ये ५.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर एवढा होता.

हे आकडे किरकोळ वाटतात. पण खरा परिणाम सीमारेषेवरच्या लोकांवर होतो. याच अभ्यासात एकूण कोलेस्टेरॉल २४० च्या वर असलेल्यांची संख्या उन्हाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात २२ टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे माणूस तोच, पण तपासणीच्या महिन्यानुसार त्याच्यावर ‘नॉर्मल’ किंवा ‘जास्त’ असा शिक्का बसू शकतो. अमेरिकेतच सुमारे २८ लाख लोकांच्या अहवालांच्या विश्लेषणातही पुरुषांचे एलडीएल उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात सरासरी ४, तर महिलांचे २ मिलिग्रॅमने जास्त असल्याचे दिसले.

यामागचे कारण काय?

पहिले कारण रक्तातल्या पाण्याचे. उष्ण हवामानाची सवय झाली की शरीर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढवते. द्रव वाढला की त्यातले कोलेस्टेरॉल पातळ होते, जसे डाळीत पाणी वाढवल्यावर मीठ कमी लागते. हिवाळ्यात द्रव कमी होतो आणि आकडा वर जातो. वूस्टरच्या अभ्यासात ऋतूनुसार झालेल्या बदलाचा मोठा भाग याच कारणाने समजावता आला.

दुसरे कारण हालचालीचे. थंडीत माणूस कमी चालतो आणि जास्त वेळ बसतो. तिसरे कारण खाण्याचे. थंडीत भूक वाढते, तळलेले आणि गोड जास्त खाल्ले जाते. चौथे, दिवस लहान असल्याने ऊन अंगावर कमी पडते आणि ‘ड’ जीवनसत्त्व घटते, असेही एक कारण सांगितले जाते. मात्र ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकार टळतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.

झाडीपट्टीचा हिवाळा वेगळा कसा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धान पट्ट्यात वर्षभराच्या श्रमाचे गणित शेतीवर चालते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, तेव्हा दिवसभर चिखलात वाकून काम होते. दिवाळीच्या मागे-पुढे कापणी, मग बांधणी आणि मळणी. त्यानंतर ज्यांच्याकडे रब्बीला पाणी नाही, त्यांचे शेतातले काम बरेच ओसरते. थेट मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पाय पुन्हा जंगलाकडे वळतात.

नेमक्या याच मधल्या काळात मंडई, शंकरपट, लग्नसराई आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. वडसा अर्थात देसाईगंज हे या नाटकांचे केंद्र. गावोगावी रात्रभर नाटके चालतात. पाहुणे घरी येतात, वडे-भजी तळली जातात, मटणाचा रस्सा होतो, जागरणात चहा आणि खर्रा चालूच राहतो. या सणासमारंभांत गैर काहीच नाही. पण कमी श्रम, जास्त तेल, अपुरी झोप, तंबाखू आणि थंडी हे सगळे एकाच वेळी येतात, हे लक्षात घ्यायला हवे. ज्याला आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्याच्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने म्हणूनच अधिक जपण्याचे असतात.

थंडीत हृदयविकाराचे झटके खरेच वाढतात का?

होय. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील २ लाख ७४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. तापमान जितके कमी, तितके झटक्यांचे प्रमाण जास्त, असे चित्र त्यातून समोर आले.

थंडी लागली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीराची ऊब आत राखण्याची ही युक्ती असते. पण वाट अरुंद झाली की रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय थंडीत रक्त काहीसे घट्ट होते आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. पहाटे तर शरीरातली काही संप्रेरके आधीच वाढलेली असतात आणि रक्तदाब चढणीला असतो. त्यामुळे हिवाळ्यातली पहाट ही जोखमीची वेळ मानली जाते.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ असा प्रश्न इथे साहजिक आहे. पण १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासाचा निष्कर्ष उलट होता. तापमान १८ अंशांच्या खाली प्रत्येक अंशाने घसरताना मृत्यूंमध्ये होणारी वाढ दक्षिण फिनलंडमध्ये ०.२७ टक्के, तर उबदार समजल्या जाणाऱ्या अथेन्समध्ये २.१५ टक्के होती. कारण थंड देशातला माणूस घर गरम ठेवतो आणि पुरेसे कपडे घालतो, उबदार प्रदेशातला माणूस तयारीच करत नाही. कवेलूच्या घरात, फटीतून वारा येत असताना एका चादरीवर झोपणाऱ्यालाही हे लागू पडते. भारतातील मृत्यूंच्या नोंदींवर आधारित २०१८ च्या एका अभ्यासातही कडाक्याच्या थंडीपेक्षा किंवा तीव्र उष्णतेपेक्षा मध्यम थंडीच्या दिवसांशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त असल्याचे आढळले. असे दिवस वर्षात सर्वाधिक असतात, हे त्याचे एक कारण.

मग उन्हाळ्यात हृदय सुरक्षित असते का?

नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर मे महिन्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत असतात. नवतपाच्या दिवसांत शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे बरेच जास्त रक्त ढकलावे लागते. घामाने पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून आले नाहीत तर रक्त घट्ट होते.

लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम कीटिंज यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा आहे. निरोगी स्वयंसेवकांना सहा तास ४१ अंशांच्या हवेत बसवण्यात आले. घामामुळे त्यांचे वजन सरासरी १.८ किलोने घटले. रक्ताचा घट्टपणा २४ टक्क्यांनी, तर कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. रक्तातल्या गुठळी बनवणाऱ्या पेशींची संख्याही वाढली.

म्हणजे इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. उष्णतेची सवय झालेल्या आणि भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाचे कोलेस्टेरॉल उन्हाळ्यात थोडे कमी दिसू शकते. पण पाणी न पिता दिवसभर उन्हात राबणाऱ्याचे रक्त घट्ट होऊन तेच कोलेस्टेरॉल काही तासांत वाढलेले दिसू शकते. तेंदूपत्ता तोडणारे मजूर पहाटेच निघून ऊन चढण्याआधी परत येतात, ही जुनी पद्धत हृदयाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. पण दुपारी पुडे बांधताना आणि ते फडीवर नेताना पाणी पिणे राहून जाते. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असला, तरी घामावाटे गेलेले पाणी प्यायल्यानेच भरून निघते.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. घाम आणि गोळी या दोन्ही वाटांनी पाणी गेले तर रक्तदाब अचानक खाली येऊन चक्कर येऊ शकते. हृदय कमजोर असल्यामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी किती प्यायचे हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पावसाळ्याचा धोका कोणता?

पावसाळ्यात हृदयाला धोका तापमानाचा कमी आणि अंतराचा जास्त असतो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याच्या ठिकाणाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांतही नाल्यांवरून पाणी गेले की रस्ते बंद होतात. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास सर्वांत महत्त्वाचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका हृदयाचा स्नायू जास्त वाचतो. दुर्गम गावातून गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गाठायला कोरड्या दिवसांतही काही तास लागतात.

म्हणून छातीत दुखण्याचा, चालताना धाप लागण्याचा त्रास असलेल्यांनी ईसीजी, रक्तदाब आणि रक्ततपासणी पावसाळा लागण्यापूर्वी उरकून घ्यावी. रस्ता बंद होण्याची शक्यता असलेल्या गावांत किमान महिनाभराची औषधे घरात असावीत. घरात तांदूळ आणि मीठ भरून ठेवले जाते, तशीच गोळ्यांची पाकिटेही भरून ठेवायला हवीत.

पावसाळा आणि कोलेस्टेरॉलचा आणखी एक संबंध गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात लक्षात ठेवावा लागतो. हिवताप किंवा दुसरा मोठा ताप आला की काही काळ एलडीएल आणि एचडीएल घटते, ट्रायग्लिसराइड मात्र वाढते. तापातून उठल्या उठल्या केलेल्या तपासणीत कोलेस्टेरॉल कमी दिसले, तर तो दिलासा फसवा असू शकतो. पूर्ण बरे झाल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तरच खरा आकडा कळतो.

जंगलात राहणाऱ्यांना हृदयविकार होत नाही, हे खरे आहे का?

या समजुतीला एक आधार आहे. बोलिव्हियाच्या जंगलात शिकार, मासेमारी आणि शेतीवर जगणाऱ्या त्सिमाने समुदायातील ७०५ प्रौढांची तपासणी झाली. त्यातील ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा साठा अजिबात आढळला नाही. त्यांचे सरासरी एलडीएल अवघे ९१ होते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातले अनेक तास चालणे आणि श्रम, कमी प्रक्रिया केलेले अन्न आणि धूम्रपानाचे अत्यल्प प्रमाण ही त्यामागची कारणे मानली जातात. म्हणजे संरक्षण मिळते ते तिथल्या जगण्याच्या पद्धतीमुळे. ती पद्धत बदलली की ते संरक्षणही संपते.

गडचिरोलीत हे बदललेले चित्र आकड्यांत दिसते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. गावांतल्या मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले आणि त्यातले बहुतेक रुग्ण घरीच दगावले होते. हिवताप आणि बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात रक्तवाहिन्यांचा आजार इतका पुढे गेला असेल, याची फारशी कोणाला कल्पना नव्हती. पक्षाघातामागे सर्वांत मोठे कारण असते न सापडलेला किंवा उपचार न झालेला उच्च रक्तदाब. तोच हृदयविकारालाही कारणीभूत ठरतो.

स्वतः डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले होते. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. आरोग्याचे ज्ञान असणे आणि ते रोजच्या जगण्यात उतरवणे यात अंतर असते, हे त्यातून अनेकांपर्यंत पोहोचले.

खर्रा, दारू आणि धूर यांचा वाटा किती?

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार (२००४) पहिल्या झटक्याची बहुतांश जोखीम नऊ गोष्टींत सामावते. त्या अशा : कोलेस्टेरॉलचे बिघडलेले गुणोत्तर, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायामाचा अभाव आणि दारूचे सेवन. याच अभ्यासाच्या आकडेवारीनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या तुलनेत पाच-सहा वर्षे आधी येतो.

विदर्भात तंबाखूचा सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा. ‘आपण विडी-सिगारेट ओढत नाही’ म्हणून खर्रा खाणारे निश्चिंत असतात. पण निकोटिन तोंडातून रक्तात गेले तरी नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवतेच, रक्तवाहिन्याही आकसतात. थंडीने आधीच आकसलेल्या वाहिन्यांवर हा दुसरा ताण येतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून तंबाखू व दारू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम राबवला जात आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. कायदा काहीही असो, दारूने रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड वाढते, हे शरीराचे गणित बदलत नाही.

चंद्रपूर शहर आणि परिसरात आणखी एक घटक आहे, तो म्हणजे हवा. २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र, वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि कोळशाची वाहतूक यांमुळे २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचा अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत समावेश केला होता. हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात आणि गुठळीचा धोका वाढवतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे धूळ-धूर खालीच साचून राहतो. गावांत हेच काम चुलीचा आणि शेकोटीचा धूर करतो. बंद खोलीत शेकोटी पेटवणे तर दुहेरी धोक्याचे, कारण त्यातून विषारी वायूही साचतो.

इथल्या ताटात काय चांगले, काय कमी करावे?

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध) सुमारे ८१ टक्के प्रौढांमध्ये रक्तातील चरबीचा कोणता ना कोणता आकडा बिघडलेला आढळला. भारतीयांमध्ये विशेषतः एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असा नमुना दिसतो. दोन्ही वेळा पॉलिश केलेल्या तांदळाचा मोठा ढीग आणि बाजूला थोडी भाजी, असे ताट या नमुन्याला खतपाणी घालते. भात सोडण्याची गरज नाही. पण ढीग निम्म्यावर आणून डाळ, पालेभाजी आणि उसळ वाढवता येते. शक्य तिथे कमी पॉलिशचा तांदूळ आणि आठवड्यातून काही वेळा ज्वारीची भाकरी घ्यावी.

या भागाच्या जुन्या आहारात हृदयाला उपयोगी गोष्टी बऱ्याच आहेत. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ प्रकारची चरबी आणि तंतुमय पदार्थ असतात. मामा तलावांतली मासळी तळण्याऐवजी रश्श्यात केली तर चांगले प्रथिन मिळते. अंबाडी आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या आहेतच. मोहाच्या बियांचे तेल मात्र थंडीत थिजते. खोलीच्या तापमानाला थिजणाऱ्या चरबीत संपृक्त घटक जास्त असतात, त्यामुळे ते बेताने वापरावे. वनस्पती तूप आणि टपरीवर पुन्हा पुन्हा उकळलेल्या तेलातली भजी, समोसे यांचा नंबर टाळण्याच्या यादीत पहिला. तर्री पोह्यांची तर्री कमी आणि चणे जास्त, एवढा बदलही रोज खाणाऱ्यासाठी मोलाचा ठरतो.

तपासणी कधी आणि कशी करावी?

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीच करावी. धोका कमी असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा जास्त धोका असलेल्यांसाठी ही मर्यादा ७०, तर झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५५ आहे. प्राथमिक तपासणीसाठी उपाशीपोटी असण्याची सक्तीही आता राहिलेली नाही. गावाहून सकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर मात्र डॉक्टर उपाशीपोटी तपासणी सांगू शकतात.

ऋतूचा विचार करता काही गोष्टी पाळाव्यात :

– दोन वर्षांच्या अहवालांची तुलना करायची असेल तर शक्यतो एकाच महिन्यात आणि एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा.

– सीमारेषेवरचा एकच आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

– तपासणीच्या आदल्या दिवशी पाणी नेहमीसारखे प्या. उन्हात राबून, घामाघूम होऊन थेट प्रयोगशाळेत जाऊ नका.

– मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

– उन्हाळ्यातला चांगला अहवाल पाहून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो आकडा बहुतेकदा गोळीमुळेच आटोक्यात आलेला असतो. ऋतूमुळे होणारी घट काही मिलिग्रॅमची असते, तर स्टॅटिन गटातील औषधे एलडीएल साधारण ३० ते ५० टक्क्यांनी कमी करतात.

तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासली जाते. आशा स्वयंसेविकेकडे चौकशी केली तरी तारीख आणि ठिकाण कळते. कोलेस्टेरॉलची तपासणी लगेच शक्य नसेल, तर निदान रक्तदाब मोजून घ्यावा. पक्षाघात आणि झटका या दोन्हींची सर्वांत स्वस्त आगाऊ सूचना तीच आहे.

वर्षभर काय पाळावे?

हिवाळ्यात पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर फिरायला जावे. डोके, कान आणि छाती झाकलेली असावी. अंथरुणातून उठून थेट थंड पाण्याने आंघोळ करणे किंवा जड ओझे उचलणे हृदयविकाराच्या रुग्णांनी टाळावे. वाघ-बिबट्याच्या वावरामुळे जंगलालगतच्या वस्त्यांत पहाटे बाहेर पडणे तसेही धोक्याचे झाले आहे. अशा ठिकाणी अंगणात, शाळेच्या मैदानात किंवा घरातच अर्धा तास चालले तरी चालेल. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम आटोपावे आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी, ताक किंवा आंबील घेत राहावे. रक्तदाब असलेल्यांनी ताकात मीठ टाकणे टाळावे. पावसाळ्यात औषधांचा साठा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर हाताशी ठेवावा.

छातीच्या मधोमध दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, अचानक धाप ही झटक्याची लक्षणे असू शकतात. महिलांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा किंवा मळमळही जाणवू शकते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-सोडा घेत रात्र काढू नये. रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेणे शक्यतो टाळावे आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. भामरागड किंवा सिरोंचासारख्या भागात रुग्णालय लांब आहे, म्हणून तर घरातून निघण्याचा निर्णय तिथे सर्वांत लवकर व्हायला हवा.